हात न लावलेली रक्कम

बावीस वर्षं मी पैसे खर्च होऊ न देण्याचा पगार घेतला. हे वाक्य मी पूर्वी गमतीनं म्हणायचो. लग्नकार्यात कुणी विचारलं, "सध्या काय करता?" की ठरलेलं उत्तर. लोक हसायचे, मीही हसायचो. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. का निघत नाही, ते सांगायचं म्हणून लिहायला बसलो आहे.

औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. खाली दुचाक्यांची एवढी दाटी की जिन्यापर्यंत पोचायला हँडलं बाजूला सारत जावं लागायचं. प्रतिष्ठानाचं नाव लांबलचक, संस्था मात्र चिमूटभर. वेरूळच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत, मुलींचं एक वसतिगृह. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, स्वयंपाकघर, मागं पाण्याची टाकी. मुली सगळ्या मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या. दिवाळी झाली की ही माणसं कळप घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीकडं उतरतात आणि मृगाच्या तोंडाला परत येतात. आईबापांमागं लेकरंही चालतात. शाळेच्या हजेरीपटावर पोरीचं नाव असतं, बाकावर पोरगी नसते. वसतिगृह होतं म्हणून ती मागं राहायची आणि शाळेत जायची. आमचं काम एवढंच होतं.

हे सगळं उभं केलं आमच्या बाईंनी. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या शहराला त्यांनी गणित शिकवलेलं, पण हिशेब म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. मी तेव्हा चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो. कारखाना बंद पडला. माझी बायको बाईंची जुनी विद्यार्थिनी, ती मला त्यांच्याकडं घेऊन गेली.

"बेरीज येते का?" बाईंनी विचारलं.

"येते."

"मला नुसती वजाबाकी येते. उद्यापासून या."

बाहेरच्या माणसाला वाटतं, संस्थेचा हिशेब म्हणजे देणगीची पेटी. वरून पैसे पडतात, खालून काढायचे आणि खर्च करायचे. तसं नसतं. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुपयाच्या कपाळावर चिठ्ठी असते, मला अमक्यासाठीच वापरा म्हणून. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यांनी आईच्या नावानं रक्कम ठेव म्हणून दिली. अट अशी, की व्याजातून दरवर्षी आईच्या तिथीला मुलींना साजूक तुपातला शिरा घालायचा. शिरा होऊन व्याज उरायचं. उरलेलं शिऱ्याच्याच खात्यात पडायचं. एका वर्षी वसतिगृहात साबण संपला, हातात दमडी नाही, आणि शिऱ्याच्या खात्यात चांगले सात हजार पडून. बाई म्हणाल्या, "द्या त्यातले." मी म्हणालो, "बाई, त्यातून फक्त शिरा घेता येतो." बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मग पोरींना शिऱ्यानं आंघोळ घालू का?"

साबण शेवटी त्यांनी पेन्शनमधून आणला. ते व्यापारी त्या वर्षी शिरा चाखायला स्वतः आले, आणि तूप कमी पडलंय म्हणून सांगून गेले.

कंपन्यांचं आणखी निराळं. त्या दप्तरं देतात, वह्या देतात, पाणी शुद्ध करायचं यंत्र देतात. फलक लावून फोटो काढतात. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार, विजेचं बिल, छपराला लागलेली गळती या गोष्टी त्यांच्या कोष्टकात बसत नाहीत. फोटोत गळती काय दाखवणार? दहा हजार देतो, पन्नासची पावती फाडा, असं म्हणणारेही येत. जिना चढून धापा टाकत येत आणि तसेच उतरून जात. बावीस वर्षांत मी एकही खोटी पावती फाडली नाही. ह्या एका गोष्टीचा अभिमान मला आजही आहे, आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

मी लागलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. ज्या सरकारी अनुदानावर वसतिगृह चालायचं ते अडकलं. मंजूर होतं, पण कुठल्यातरी टेबलावर बसून राहिलं. चार महिने पगार नाहीत. बाईंनी सगळं वाटून टाकलेलं, शिल्लक शून्य. मी रोज सरकारी अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसायचो आणि वेरूळकडं फोन करायचं टाळायचो, कारण तिकडं काय सांगणार? महिनाअखेरीला कोठीतल्या मालाची नोंद घ्यायला गेलो, तर कोठी भरलेली. ज्वारी, तांदूळ, डाळ, सगळं जागेवर.

"मावशी, हे कुठून आलं?" मी विमलमावशींना विचारलं. विमलमावशी म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. अधीक्षिका हा शब्द फक्त माझ्या पगारपत्रकात होता. मुलींची त्या आई होत्या, भाऊ होत्या, प्रसंगी बापही होत्या. तरुणपणी नवरा गेला, मुलगा बजाजनगरात कामाला. मावशी वसतिगृहातच राहायच्या.

"आलं कुठूनतरी," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या, भाऊ."

चहा द्यायला वाकल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या गळ्यातली सोन्याची पोत नव्हती. सराफ्यात गहाण टाकून त्यांनी धान्य भरलं होतं. मी चहा प्यायलो नाही. परतीच्या बसमध्ये, दौलताबादचा घाट उतरताना, मला स्वतःची एवढी लाज वाटत होती की शेजारच्यानं वेळ विचारली तर मी तोंड फिरवलं. हिशेबनीस मी, आणि संस्था तगली ती एका बाईच्या गळ्यातल्या दागिन्यावर.

पुढं अनुदान आलं आणि मावशींनी पोत सोडवून आणली. पण त्या दिवसापासून मी दुसरा माणूस झालो. हातात निदान सहा महिन्यांचा खर्च पडून असलाच पाहिजे, ह्या एका गोष्टीच्या मागं लागलो. संस्थांच्या भाषेत त्याला राखीव निधी म्हणतात. ऐकायला सोपं, जमवायला महाकठीण. कारण राखीव निधीसाठी देणगी कुणी देत नाही. "भुकेल्या पोरीला जेवण" म्हटलं की लोक खिशात हात घालतात. "पुढं कधी अडचण आली तर म्हणून" असं म्हटलं की हात खिशातच राहतो.

ह्या निधीचा पहिला पैसा दिला तो बजाजनगरातल्या नऊ कामगारांनी. एकाच कारखान्यातले, एकाच पाळीचे. त्यांच्यातले पंडितराव फिटर होते. मावशींच्या मुलाचे दोस्त. पगार झाला की येणाऱ्या रविवारी ते स्कूटरवर औरंगपुऱ्यात यायचे, टेबलावर पाकीट ठेवायचे. कशासाठी वापरायचे, ह्याची काहीच अट नाही. मी पावतीवर नावं घालायला लागलो तर म्हणाले, "साहेब, नावं-बिवं नको. पोरींसाठी हायेत. फक्त पडून राहू देऊ नका."

मी हसून मान हलवली, आणि ते पैसे नेमके पडून राहण्यासाठी बँकेत मुदत ठेवीत टाकले.

वर्षांमागून वर्षं मी काटकसर केली. लोकांना वाटतं, संस्थेनं हवे तेवढे पैसे साठवावेत, कोण विचारतं? तसं नाही. आयकराचा नियम असा, की वर्षभरात आलेल्या रुपयातले पंच्याऐंशी पैसे त्याच वर्षी कामावर खर्च करायचे. उरले तर ते कशासाठी राखले हे अर्जात लिहून कळवायचं. त्या चौकटीत राहून, थोडं थोडं करत मी निधी वाढवला. जुनी गादी उसवली तर शिवून घेतली. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर छापलं. ऑफिसात पंखा एकच ठेवला. आणि निधीला कुणी सहज हात लावू नये म्हणून एक नियमावली लिहिली. वसतिगृह चालवणं अशक्य होईल तेव्हाच हा पैसा वापरता येईल, आणि तोही हिशेबनिसानं लेखी शिफारस केली तरच.

बाईंनी सही केली. म्हणाल्या, "म्हणजे मी मेल्यावरसुद्धा तुम्ही मला खर्च करू देणार नाही."

कोरोनाच्या आधी काही वर्षं बाई गेल्या. तोवर निधी अठरा लाखांवर पोचला होता. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मी तो आकडा वाचायचो तेव्हा माझा आवाज आपोआप थोडा खाली यायचा, घरातल्या मुलीचे मार्क सांगावेत तसा.

मग कोरोनाचं वर्ष आलं. वसतिगृह रिकामं करा, असा आदेश आला. दोन दिवसांत चौतीस मुली जिच्या-तिच्या माणसांकडं पोचवल्या. काहींचे आईबाप कळपाबरोबर कुठं गंगथडीला होते, त्यांना मावशींनी फोन करकरून शोधलं. शाळा बंद, गाड्या बंद. वर्षाला मोठी रक्कम देणाऱ्या कंपनीनं कळवलं की यंदाचा पैसा दवाखान्यांकडं वळवला आहे. मी घरी बसून गणित मांडलं आणि मला, लिहायला लाज वाटते, हायसं वाटलं. वसतिगृह बंद म्हणजे धान्य नाही, गॅस नाही, वीज नाही. उत्पन्न घटलं तरी खर्च त्याहून जास्त घटला होता.

रस्ते जरा मोकळे झाले तशा मावशी औरंगपुऱ्यात आल्या. तोंडाला पदर बांधलेला, हातात शाळेची चाळीस पानी वही. मधल्या काळात त्या बऱ्याच वाळल्या होत्या. पाणीही न पिता त्यांनी वही उघडून माझ्यापुढं ठेवली. चौतीस नावं. प्रत्येकीपुढं ती सध्या कुठं आहे ते लिहिलेलं. कुणी टेकडीमागच्या वाडीवर, कुणी पैठणकडं उसाच्या शेताकडेला, कुणी मामाकडं.

"भाऊ, मी सगळ्यांना फोन लावलेत. फोन हाय तिथं. पोरी मेंढरांमागं फिरायल्यात. पुस्तक कुणी उघडत नाय."

"शाळाच बंद आहे, मावशी. कोण उघडणार?"

"त्येच म्हणते. एक जीप भाड्यानं करू. मी अन् आपल्या शिकवणाऱ्या दोघी ताया. आठवड्यातून एकदा प्रत्येकीकडं जाऊ. थोडं शिकवू, थोडं धान्य देऊ. शिकवणं राहू द्या बाजूला, नुसतं जाऊन बसलं तरी लई होईल. आईबापाला दिसलं पाहिजे का वसतिगृह मेलेलं नाय. ते एकदा वाटलं ना का आता हे काय उघडत नाय, मंग संपलं."

"खर्च किती?"

तोही त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर काढून आणला होता. जीप, डिझेल, दोघींचा पगार, धान्य. महिन्याला वीस हजार. वर्ष धरलं तर दोन लाख चाळीस हजार.

मी पान बघितलं. बेरीज बरोबर होती.

"मावशी, ह्यासाठी पैसे नाहीत."

हे वाक्य मला नीट समजावून सांगायचं आहे. आमच्या धंद्यात "पैसे नाहीत" ह्याचा अर्थ "त्या खात्यात नाहीत" असा असतो. जीप करून फिरायला कुणी पैसे दिले नव्हते, तेव्हा त्या नावाखाली पैसे नव्हते. माझ्या दृष्टीनं मी खरं बोललो. पण मावशींना खाती ठाऊक नव्हती. राखीव निधी म्हणून काही आहे हे त्यांनी उडत उडत ऐकलं असेल, किती आहे हे मी विश्वस्तांखेरीज कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या वाक्याचा तोच अर्थ घेतला, जो कुणीही घेईल.

"कुठूनच नाय होणार?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी मी शिफारस लिहू शकलो असतो. एक पान. विश्वस्तांनी माझ्या शब्दावर सही केली असती, त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात नियमाचे शब्द फिरत होते. वसतिगृह चालवणं अशक्य होईल तेव्हा. वसतिगृह तर सरकारनंच बंद केलं होतं, मग चालवण्याचा प्रश्न कुठं? आणि हा आजार किती वर्षं चालेल कुणाला माहीत. आज जीपवर उडवले आणि उद्या वसतिगृह उघडल्यावर धान्याला नसले तर?

मी म्हणालो, "मावशी, तुमची पोत आठवते ना? तसा दिवस परत यायला नको म्हणून जपून चाललोय."

त्यांनी वही मिटली.

"माझी पोत मी सोडवून आणली, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी गेली तर ती कुठून सोडवून आणायची?"

उठताना त्यांनी एक नाव घेतलं. उषा. नववीतली, चटपटीत. महिनाअखेरीला मी कोठी तपासायला गेलो की माझ्या मागं मागं फिरायची, पोत्यांवरची वजनं मोठ्यानं वाचायची. तिच्या बापाकडं एक स्थळ येऊन गेलंय, मावशी म्हणाल्या, मी जाऊन बसले तर तो ऐकंल. मी म्हणालो, शाळा उघडली की बघू. बसचं भाडं म्हणून मी स्वतःच्या खिशातून दोनशे रुपये काढले. त्यांनी घेतले नाहीत.

त्या वर्षी लग्नं स्वस्त झाली होती. पन्नास माणसांच्या वर बोलावता येत नव्हतं. मांडव नाही, वाजंत्री नाही, पंगत नाही. ज्या बापाला पोरीच्या लग्नासाठी चार वर्षं मेंढरं वाढवावी लागली असती त्याचं काम एका दुपारी उरकत होतं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. खर्च घटला की माणसं काय करतात, हे माझ्याइतकं कोणाला कळणार होतं?

उषाचं लग्न झाल्याचं मावशींनी फोनवर सांगितलं. लग्न होऊन आठ दिवस झाले होते. त्यांनाही उशिरा कळलं होतं.

"सोळावं चालू हाय तिला," मावशी म्हणाल्या. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी फोन ठेवला.

मार्चअखेर आली. ताळेबंद मांडला. खर्च इतका कमी झाला होता की माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यात मोठी शिल्लक त्या वर्षी दिसत होती. सनदी लेखापाल साहेबांनी कौतुकानं कागद उलटसुलट करून बघितले. उरलेली रक्कम कशासाठी राखली ते आयकराला कळवायचं होतं. अर्जावरच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं: मुलींच्या शिक्षणासाठी.

लिहिताना माझा हात अडखळला नाही. अडखळला होता असं लिहायला आवडलं असतं.

शाळा उघडल्या तेव्हा चौतीसपैकी चौदा मुली परत आल्या. बाकीच्यांत सहांची लग्नं झाली होती. उरलेल्या कळपाबरोबर रुळल्या होत्या, त्यांच्या आयांना हाताशी माणूस मिळालं होतं, ते सोडायची आता कुणाची तयारी नव्हती. मावशी दारोदार फिरल्या, एकट्या, एसटीनं आणि पायी. एक बाप त्यांना म्हणाला, "तुम्ही वर्षभर कुठं होता?" हे त्यांनी मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, नुसतं काय झालं ते सांगावं तसं.

अनुदान डोक्यामागं मिळतं. डोकी चौदा, तर अनुदानही चौदांचं. चौदांच्या अनुदानात स्वयंपाकीण, वीज, अधीक्षिका भागत नाही. मी तेव्हा खरंच शिफारस लिहिली आणि राखीव निधीतून थोडा पैसा मागितला. विश्वस्तांनी विचारलं, संख्या वाढणार आहे का? मी मावशींना विचारलं. मावशी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मग मंडळानं ठराव केला, आहेत त्या मुलींची सोय दुसऱ्या वसतिगृहांत लावावी. दोन वर्षांत दाराला कुलूप लागलं. निधी तसाच राहिला. मावशी मुलाकडं बजाजनगरात राहायला गेल्या.

मी निवृत्त झालो तेव्हा मंडळानं छोटा समारंभ केला. शाल, श्रीफळ, पेढे. अध्यक्ष भला माणूस, मनापासून बोलला. म्हणाला, "अशा संस्था आपण उधारीत बुडताना बघतो. ह्यांच्या काळात आपल्या राखीव निधीला एकदाही हात लागला नाही." टाळ्या वाजल्या. मावशींना बोलावलं होतं, गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही असा निरोप आला होता. मी शाल सावरत खाली बघत उभा होतो. लोकांना वाटलं, संकोचलो.

घरी आल्यावर अध्यक्षांना पत्र लिहिलं. वसतिगृह परत सुरू करू, निधी त्यासाठी वापरा. उत्तर सभ्य होतं. राखीव निधी वसतिगृह चालवणं अशक्य झाल्यास वापरायचा आहे. सध्या संस्था वसतिगृह चालवत नाही. नियमावलीतलं कलम जोडलं होतं, माझ्याच शब्दांत. ठेव दरवर्षी आपोआप पुढं सरकते. व्याज येतं, ते तिच्यातच मिसळतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता पुण्याहून व्याही आले. त्यांना वेरूळची लेणी दाखवायला घेऊन गेलो. ते वर गेले, माझे गुडघेही आता ऐकत नाहीत, म्हणून मी खाली गाड्या लावतात तिथं थांबलो. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका ओळीनं बसल्या होत्या.

"सर! वळखलं का?"

मी ओळखलं नाही. मग ती हसली तेव्हा ओळखलं. उषा. वीस-एकवीसची, पण चेहरा त्याहून मोठा. शेजारी चारेक वर्षांची मुलगी पोत्यावर बसून सीताफळाच्या बिया ओळीनं मांडत होती.

"बसा की सर." तिनं पोत्याचं दुसरं टोक झटकलं. मी बसलो. तिनं मावशींची विचारपूस केली, माझ्या तब्येतीची केली. नवरा ट्रॅक्टरवर असतो, सासू बरी आहे, मेंढरं विकली, असं सगळं सांगितलं. बोलता बोलता पिशवीत फळं भरत होती, एकेक दाबून, पिकाचा अंदाज घेत. मी खिशात हात घातला तर रागावली. "तुमच्याकडून पैसे घेऊ व्हय? हिशेबाचे सर तुम्ही आमचे."

मग म्हणाली, "वसतिगृह बंद झालं म्हणं. हिला घातली असती. पहिलीपासून घेत होते का, का पाचवीपासूनच?"

तिथं मला राहवलं नाही. इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळसुद्धा नाही. मी म्हणालो, "उषा, त्या वर्षी मावशी तुझ्याकडं येणार होत्या. जीप करून, सगळ्यांकडंच. मी पैसे दिले नाहीत."

"ठावं हाय की. मावशींनी सांगितलं होतं फोनवर. पैसे नव्हते ना."

"होते."

तिचा हात पिशवीत होता, तिथंच थांबला.

"होते व्हय?"

"बँकेत होते. मी दिले नाहीत. अडीअडचणीसाठी ठेवले होते."

गाड्या येत होत्या, जात होत्या. एक बस वळण घेताना जोरात हॉर्न वाजवून गेली. उषा रस्त्याकडं बघत होती.

"मी बापूला तेच सांगितलं होतं, सर," ती हळू म्हणाली. "बापू म्हणला, तुझ्या त्या संस्थेचं कुणी फिरकलं का? मी म्हणलं, त्यांच्याकडं पैसे नायत, ते तरी काय करतील. त्यांच्याकडंच नाय म्हणल्यावर मंग मी बी काय बोलले नाय. रडले बी नाय. सगळ्यांचीच अडचण चालू होती तवा, म्हणलं आपली बी त्यातलीच."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला घरी घेऊन जायला काहीतरी मिळालं असतं.

"हे तुम्ही मला नव्हतं सांगायला पाहिजे, सर."

पोरीनं मांडलेली बियांची ओळ एका गिऱ्हाइकाच्या पायानं विस्कटली. ती रडायला लागली. उषानं तिला जवळ ओढलं, डोकं थोपटलं, गिऱ्हाइकाला भाव सांगितला. गिऱ्हाईक घासाघीस न करताच पुढं गेलं. मग तिनं माझी पिशवी तराजूत ठेवली, वजन केलं, गाठ मारली आणि माझ्यापुढं धरली.

"एकशेवीस झाले," ती म्हणाली.

मी पैसे दिले. तिनं मोजून घेतले.